लाल शेरा

उत्तरेश्वर सातवीत असताना गुरुजींचं फळ्यावरचं गणित चुकलं होतं. वर्गातल्या एकेचाळीस पोरांनी ते चुकलेलं गणित मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं. उत्तरेश्वर उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, हातचा राहिला." गुरुजींनी फळा पुसला, गणित नीट करून लिहिलं, मग शांतपणे खाली आले आणि त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. बरोबर असणं आणि सुखरूप असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे एखाद्या शहाण्या पोराला तेवढ्यावर कळलं असतं. उत्तरेश्वर हुशार होता, शहाणा नव्हता. त्याने पुढे भूमहून बार्शी, बार्शीहून सोलापूर असं करत इंजिनियरिंग उरकलं आणि पुण्यात येऊन लोकांच्या चुका शोधायचीच नोकरी धरली.

या नोकरीला टेस्टर म्हणतात. विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याला टायरच्या दुकानावर दोन मजले त्याच्या कंपनीचे होते. एकवीस माणसं दुसऱ्यांच्या वेबसाइट बनवायची आणि बाविसावा उत्तरेश्वर त्या मोबाइलवर उघडून काय बिघडलंय ते सांगायचा. म्हणजे एकवीस माणसांना तुमचं चुकलं असं रोज सकाळी दहापासून सांगायचं, आणि संध्याकाळी त्यांच्याच बरोबर चहाला उभं राहायचं. लग्नात वरपक्षाच्या बाजूने जेवणाला नावं ठेवणारा एक मामा असतो ना, त्याला पगार सुरू केला तर जे होईल ते.

तो अजून कायम झालेला नव्हता. सहा महिन्यांची उमेदवारी होती, ती एकदा वाढवून झाली होती, दुसऱ्यांदाही वाढवून झाली होती. आता तीस नोव्हेंबरला एक तर कायम, नाही तर गावाकडची एसटी, असं त्याला लेखी मिळालं होतं. गावाकडे अडचण अशी होती की त्याच्या वडिलांनी तो कायम झाल्याचं मागच्या पोळ्यालाच सगळ्या गावाला सांगून टाकलं होतं. सरपंचांनी त्याचा शाल घालून सत्कार केला होता. शाल घेऊन परत कसं जायचं?

कायम नसलेल्या माणसाला कंपनीत काय काय मिळायचं नाही, याची यादी मोठी होती. त्यातली एक गोष्ट म्हणजे वायफायचा पासवर्ड. उमेदवारांनी टेबलावरचा कॉम्प्युटर वापरायचा. मोबाइलवर काही बघायचं असेल तर आपल्या पैशाच्या नेटवर बघायचं. "तुम्ही लोक पिक्चर उतरवता," असं टीम लीड अभिनवचं म्हणणं होतं. हा अभिनव अठ्ठावीस वर्षांचा, कर्वेनगरचा, गोरा, आणि बोलण्यात असा की समोरच्याला आपण कापले गेलो हे घरी जाऊन शर्ट काढल्यावर कळावं. उत्तरेश्वरच्या कायम होण्याच्या कागदावर पहिली सही त्याची लागणार होती.

तर दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली आणि माणसांची सुरू व्हायची वेळ आली. कंपनीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक एक वधूवर सूचक मंडळ होतं. नीरजाताई नावाच्या बाई ते वीस वर्षं वह्यांवर चालवत होत्या. आता कंपनीने त्यांना मोबाइलवर चालणारी वेबसाइट करून दिली होती. प्रत्येक स्थळाच्या पानावर नाव, शिक्षण, उंची, पगार, अपेक्षा, आणि सगळ्यात खाली 'शेरा'. शेरा म्हणजे जे सांगावं तर लागतं पण सांगायचं नसतं ते. घटस्फोटित. एक मूल आहे. चष्म्याचा नंबर मोठा. हा शेरा फिकट करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत यायला हवा, असं नीरजाताईंनी बजावून सांगितलं होतं. "खोटं बोलायचं नाही, पण ओरडायचंही नाही," हे त्यांचे शब्द.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात उत्तरेश्वर बसच्या रांगेत उभा राहून आपल्या फोनवर ती साइट चाळत होता. दीपमाला नावाच्या एका मुलीचं पान उघडलं. एकतीस वर्षं, एम. कॉम., बँकेत नोकरी. आणि खाली, फोनच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, लालभडक, जाडजूड, सर्कशीच्या जाहिरातीसारख्या अक्षरांत: डाव्या कानाने कमी ऐकू येते.

बिचारीचं नाव त्या अक्षरांच्या निम्म्याने होतं. कुणालाही वाटावं, हीच या मुलीची मुख्य पात्रता आहे.

उत्तरेश्वरने पान बंद करून परत उघडलं. लालच. ऑफिसात पोचल्यावर अभिनवला दाखवायला म्हणून तेच पान टेबलावरच्या कॉम्प्युटरवर उघडलं. करडं, मुंगीएवढं, सभ्य.

"फोनवर बघा ना सर."

अभिनवने आपल्या फोनवर बघितलं. करडं. कंपनीच्या तपासणीच्या फोनवर बघितलं. करडं. मग दोन बोटांत धरून त्याने उत्तरेश्वरचा फोन उचलला. कोपऱ्यात काच फुटलेली होती.

"हा कुठून आणलास?"

"बुधवार पेठेतून. सेकंडहँड घेतला सर."

"घेतलास की सापडला?"

लोक हसले. तेवढ्यात त्याच्या फोनवरही शेरा करडा झाला होता, कारण चुकीला माणसाइतकीच लाज असते, चारचौघांत ती तोंड दाखवत नाही. अभिनवने तक्रारीवर 'आढळत नाही' असा शिक्का मारला आणि बंद केली.

दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वरला ती पुन्हा दिसली, येरवड्याच्या सिग्नलला. त्याने तक्रार पुन्हा उघडली. अभिनवने पुन्हा बंद केली. असं पाच वेळा झालं. तिसऱ्या खेपेला कुणीतरी भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर 'उत्तरेश्वरी दर्शन' असा मथळा लिहून खाली रेघा ओढायला सुरुवात केली: दर्शन कुठे झालं, किती वाजता झालं. चौथ्या खेपेला त्याखाली आरतीची वेळ आली. पाचव्या खेपेला अभिनव सगळ्यांसमोर म्हणाला, "हे बघ, एक तर साइटमध्ये बिघाड आहे, नाही तर तुझ्यात. साइट एकवीस जणांनी तपासलीये. तुला कुणी तपासलंय?"

उत्तरेश्वरने लाल शेऱ्याचा फोटो का काढला नाही, असं कुणीही विचारेल. काढला होता. अभिनव म्हणाला, "फोटो काय, माझ्या भाचीलाही एडिट करता येतात." शिवाय एकदा ही साइट नीट चालते म्हणून त्यानेच गिऱ्हाइकाला लिहून दिलं होतं, आणि अभिनवने लिहून दिलेली गोष्ट खोटी ठरायची तर जगालाच बदलावं लागायचं.

दरम्यान नीरजाताईंचा फोन आला. अभिनवने तो स्पीकरवर घेतला, सगळ्यांची करमणूक व्हावी म्हणून.

"अहो अभिनव, तुमच्या वेबसाइटने मुलींचे दोष लाल शाईत जाहीर करायचं कंत्राट घेतलंय का?"

"मॅडम, आमच्याकडे नीट दिसतंय. फोन बंद करून चालू करून बघता का?"

"मी केला. दीपमालाच्या वडिलांनी नाही केला. त्यांनी फॉर्म परत मागितलाय. आणि मुलाकडच्यांनी काय विचारलं माहितीये? उजव्या कानाचं काय, असं विचारलं."

ऑफिसात हशा पिकला. उत्तरेश्वरही हसला. हसताना त्याला बरंसुद्धा वाटलं, कारण त्या मुलीचा शेरा निदान दुसऱ्या कुणीतरी लाल बघितला होता. म्हणजे आपण वेडे नव्हतो. दीपमालाचं स्थळ मोडलं यापेक्षा आपल्याला साक्षीदार मिळाला, हा आनंद मोठा होता. माणूस उमेदवारीवर असला की असा होतो.

फोन ठेवून अभिनव उत्तरेश्वरकडे वळून म्हणाला, "तीस तारखेला तुझा कागद माझ्याकडे येणार. त्यावर कारण लिहायला जागा असते. मी काय लिहू? खोट्या तक्रारी पाच?"

"शुक्रवारपर्यंत दाखवतो सर."

"दाखव. नाही तर निरोपाचा समोसा मी देईन."

त्याच्याकडे पाच दिवस होते. त्याने दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक वेळी साइट उघडली की लिहायला लागला: कुठे, केव्हा, करडा की लाल. त्याला आधी वाटलं फोन तापला की होतं. फोन उन्हात ठेवून बघितला, मग खानावळीतल्या माठाला टेकवून बघितला. खानावळवाली म्हणाली, "ताप आलाय का वो त्याला?" मग वाटलं बॅटरी उतरली की होतं. मग वाटलं मजकूर लांब असला की होतं. काही जुळेना. मंगळवारच्या नोंदीत एकाच बसमध्ये, एकाच सीटवर, एकदा करडा आणि पुलावरून उतरल्यावर लाल. अभिनवने ती वही उघडून मोठ्याने वाचून दाखवली आणि विचारलं, "कंडक्टरची सही का नाही घेतलीस?"

पण वहीचं एक बरं असतं. ती कुणाला हसत नाही. बुधवारी दुपारी उत्तरेश्वर ती पहिल्यापासून वाचत बसला आणि त्याला जे आहे ते दिसायच्या ऐवजी जे नाही ते दिसलं. एकशे अठरा नोंदींमध्ये ऑफिसच्या कॉम्प्युटरवर किंवा कंपनीच्या फोनवर लाल एकदाही नव्हता. त्याच्या फोनवर मात्र निम्म्या वेळा लाल होता, अगदी ऑफिसात बसल्या जागीसुद्धा.

मग फोनच खराब. हे तर अभिनव पहिल्या दिवसापासून म्हणत होता.

चहाच्या सुट्टीत त्याने एक गुन्हा केला. कंपनीचा तपासणीचा फोन खिशात घातला, खाली टायरच्या दुकानामागे गेला, आपलं सिम काढून त्यात घातलं. वायफाय तिथवर पोचत नव्हतं. साइट उघडली. करडा. नेट बंद करून चालू केलं. करडा. पुन्हा बंद, पुन्हा चालू.

लाल.

तीस हजारांच्या फोनवर, बिनफुटक्या काचेवर, लखलखीत लाल. टायरच्या दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाने विचारलं, "लॉटरी लागली का?" कारण उत्तरेश्वर टायरच्या ढिगावर बसून हसत होता.

म्हणजे फोनचा दोष नव्हता. दोष रस्त्याचा होता. वायफायवरून गेलं की करडा, बाहेरून गेलं की कधी करडा, कधी लाल. आणि बाहेरून जाणारा ऑफिसात एकटा तोच होता, कारण त्याला पासवर्ड नव्हता.

रस्त्याचं ज्याला कळतं असा माणूस कंपनीत एकच, हिंदुराव. वय पन्नाशीच्या पुढे, मूळचे कळसचे शेतकरी. ही इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या वडिलांची. जमीन देताना "घरातल्या एकाला नोकरी" असं बिल्डर तोंडी बोलला होता आणि चमत्कार म्हणजे त्याने ते पाळलं. हिंदुराव आधी जनरेटर बघायचे. मग वेबसाइट ज्यांच्यावरून चालतात त्या मशीनच्या खोलीची चावी आली, मग मशीनंही आली. इंजिनियर पोरं पळून गेली की त्यांच्या मागे बसून बघितलेलं हिंदुराव पुढे चालवायचे, दोन बोटांनी टाइप करत. अकरा वर्षांत नवी फाईल मशीनवर चढवायचं काम त्यांच्याकडेच आलं होतं. उत्तरेश्वरला पूर्ण नावाने हाक मारणारे ऑफिसात ते एकटे. आपल्या डब्यातली भाकरी ते न विचारता त्याच्या पुढ्यात मोडून ठेवत.

"हिंदुरावकाका, आतून साइट उघडली आणि बाहेरून उघडली, यात फरक काय पडतो?"

"मशीन दोन हायेत," हिंदुराव म्हणाले. "एक थोरला, तो तिकडं भाड्याच्या जागेत. एक धाकटा, आपल्या हितल्या खोलीत. येणारा माणूस ज्या पत्त्यावरनं येतो, त्या हिशोबानं वाटून देतंय. आपल्या आख्ख्या ऑफिसचा पत्ता एकच, म्हणून आपुन सगळे कायम थोरल्याकडं. मोबाइलच्या नेटचा पत्ता सारखा बदलतोय. तो कवा थोरल्याकडं, कवा धाकट्याकडं."

"आणि दोघांत सारखंच असतं?"

"मजकूर एकाच कोठारातला. रंग न् आकार सांगणारी फाईल तेवढी ज्याची त्याच्याकडं. पर ती दोन्हीकडं मीच चढवतो. सारखीच असणार की."

"बघू या?"

मशीनची खोली म्हणजे पूर्वीची मोरी होती. एसी लावून तिची बढती झाली होती. धाकटा कोपऱ्यात घुमत होता. त्याच्या काळ्या कपाळावर हळदीकुंकवाचं बोट अजून तसंच होतं आणि वर वाळून कोळसा झालेलं झेंडूचं फूल. हिंदुरावांनी पडद्यावर दोन्ही फाईलींच्या तारखा काढल्या. थोरल्यावरची होती दसऱ्याच्या आदल्या दिवसाची, खंडेनवमीची. धाकट्यावरची गणपतीच्या आधीची.

हिंदुरावांनी दोन्ही तारखा बोट ठेवून पुन्हा वाचल्या.

"त्या दिवशी पूजा होती," ते म्हणाले.

सगळं उत्तरेश्वरच्याही डोळ्यांपुढे आलं. खंडेनवमीला मालकीणबाई, नम्रता मॅडम, रेशमी साडी नेसून आल्या होत्या. सगळ्यांचे कॉम्प्युटर पुसून झाले, त्यांना फुलं वाहिली, मशीनच्या खोलीत नारळ फुटला. मॅडमनी स्वतः धाकट्याला कुंकू लावलं आणि सगळ्यांसमोर बजावलं, "शस्त्रं पूजेत आहेत. उद्यापर्यंत याला कुणी हात लावायचा नाही हं." उत्तरेश्वर प्रसादाची ताटली धरून तिथेच उभा होता. आणि दुपारी चार वाजता अभिनवने हिंदुरावांच्या मागे लकडा लावला, की नीरजाताईंची नवी फाईल आजच्या आज चढली पाहिजे. हिंदुरावांनी दोघांचंही ऐकलं. थोरल्याला कुणी कुंकू लावलेलं नव्हतं, त्याच्यावर फाईल चढवली. धाकट्याला हात लावला नाही. उद्या लावू म्हणाले. उद्या दसरा, परवा निम्म्या ऑफिसची रजा, मग शनिवार-रविवार. सोमवारी कुणाला आठवतंय?

जुन्या फाईलीत त्या शेवटच्या ओळीच्या जागी 'नवीन स्थळ!' अशी पाटी असायची, लाल आणि जाड. आता तिथे शेरा होता. धाकटा आपला जुन्या हुकुमाप्रमाणे इमानदारीत रंग देत होता. महिनाभर निम्म्या महाराष्ट्राला.

"दोन मिनटाचं काम हाय," हिंदुराव म्हणाले आणि त्यांनी दोन बोटं कीबोर्डावर ठेवली. "चढवतो. संपलं."

उत्तरेश्वरने त्यांचं मनगट धरलं.

"थांबा काका."

"का?"

"आत्ता चढवली तर लाल जाईल. मग मी शुक्रवारी दाखवू काय?"

हिंदुरावांनी त्याच्याकडे बघितलं. उत्तरेश्वरने मनगट सोडलं नाही. सोडलं असतं तर दोन मिनिटांत जगात कुठेही बिघाड राहिला नसता. राहिल्या असत्या फक्त पाच खोट्या तक्रारी आणि त्या करणारा एक उमेदवार.

"बरं," हिंदुराव म्हणाले. "तुझ्या पोटाचा प्रश्न हाय. दाखव. पर असं लिही, की मशीन गरम झालं, फाईल अर्धीच चढली. कुणाचं काय जातंय?"

"हां काका," उत्तरेश्वर म्हणाला. आणि म्हणताना तो खरंच बोलत होता. एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवं.

मग त्याने पडद्यावरच्या तारखांचा फोटो काढला. धाकट्याचाही एक काढला, कुंकवासकट. दोन दिवस शेरे लालच राहिले. त्या दोन दिवसांत आणखी किती दीपमालांची पानं किती घरांत उघडली गेली, याची नोंद त्याच्या वहीत नाही.

गुरुवारी दुपारी तो अहवाल भरायला बसला. कंपनीचा अहवाल कॉम्प्युटरवरच भरायचा असे आणि त्यात पाच रकाने असत: काय, कुठे, कसं, कशामुळे, कोणामुळे. पहिले तीन त्याने सुंदर भरले. वहीतल्या एकशे अठरा नोंदींचा तक्ता जोडला. चौथ्यात लिहिलं, 'मशीन गरम झाल्याने फाईल अर्धवट चढली.' मग वाचलं. हे खोटं होतं आणि अभिनवला दोन मिनिटांत कळलं असतं, कारण अर्धवट फाईलीला जुनी तारीख नसते. एकदा ते खोटं निघालं की तक्ताही खोटा. त्याने ती ओळ पुसली.

पुन्हा लिहिलं, 'मॅडमच्या सूचनेनुसार मशीन पूजेत असल्याने.' हे शंभर टक्के खरं होतं. तो त्या वाक्याकडे बघत राहिला आणि त्याच्या डाव्या कानाखाली उगाच ऊन ऊन वाटायला लागलं. हेही पुसलं.

पाचव्या रकान्यात त्याने 'मशीन' असं टाइप केलं. रकाना घेईना. तिथे यादीतूनच निवडायचं होतं, आणि यादीत कर्मचाऱ्यांची बावीस नावं होती. नम्रता मॅडमचं नव्हतं. चुकांच्या यादीत मालकाचं नाव घालायचं अजून कुठल्या सॉफ्टवेअरला सुचलेलं नाही. रिकामा ठेवला तर अहवाल पुढे जाईना. सगळ्यात वर होतं अभिनव. घाई त्याची होती. उत्तरेश्वरने बाण त्या नावावर नेला, आणि तिथे तो बाण जेवढा वेळ थांबला तेवढ्यात त्याचा चहा निवला. मग बाण खाली सरकवला. खाली, खाली, 'ह'पर्यंत.

शेवटी चौथ्या रकान्यात जे राहिलं ते असं: 'नवी फाईल दोन्ही मशीनवर चढवणे आवश्यक असताना हिंदुराव यांनी ती एकाच मशीनवर चढवली व दुसऱ्यावर चढवण्यास विसरले.' यात एकही शब्द खोटा नव्हता. उत्तरेश्वरने चारदा तपासलं. तो टेस्टर चांगला होता.

शुक्रवारी गच्चीवर, वायफायच्या बाहेर, त्याने कंपनीच्या फोनवर नेट तीनदा बंद-चालू केलं आणि सगळ्यांना लाल दाखवला. फोन हातोहात फिरला. मग अभिनव म्हणाला, "अरे, मी म्हणतच होतो, काहीतरी आहे." इतक्या सहज म्हणाला की दोन-तीन जणांनी मान हलवली.

खाली केबिनमध्ये मॅडमनी अहवाल वाचला. कुंकू लावलेल्या मशीनच्या फोटोवर त्या थांबल्या.

"हा फोटो कशाला हवाय?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी गोड होता.

"नको मॅडम. काढतो," उत्तरेश्वर म्हणाला.

"तारखांचा पुरे आहे. व्यवस्थित लिहिलंयस. नेमकं." मग हिंदुरावांना बोलावलं. ते दारातच उभे राहिले.

"हिंदुराव," अभिनव म्हणाला, "मशीनला सुट्टी दिलीत आणि आम्हाला महिनाभर कामाला लावलंत. हे काय आहे?"

हिंदुरावांनी अभिनवकडे बघितलं नाही. एकदा मॅडमकडे बघितलं. मॅडम कागदाच्या कडा जुळवत होत्या. एकदा उत्तरेश्वरकडे बघितलं. उत्तरेश्वर गच्चीवर दाखवलेला फोन शर्टाने पुसत होता. आपण आता बोलायला पाहिजे हे त्याला माहीत होतं; एक वाक्य होतं, सात-आठ शब्दांचं, तोंडात तयार. ताटली धरून मी तिथे होतो. पण ते वाक्य काढलं असतं तर टेबलावर पालथा ठेवलेला त्याचा कायमचा कागद सुलटा झाला नसता.

"चूक झाली मॅडम," हिंदुराव म्हणाले. "माझीच हाय."

"नीरजाताईंना लेखी द्यावं लागणार," मॅडम म्हणाल्या. "कुणावर काय कारवाई केली, असं विचारलंय त्यांनी. माझा नाइलाज आहे, हिंदुराव."

सोमवारी दोन पाकिटं आली. एक उत्तरेश्वरचं. तो कायम झाला होता. आणि मशीनच्या खोलीचं काम, नवा माणूस मिळेपर्यंत, त्याच्याकडे दिलं होतं. दुसरं हिंदुरावांचं.

हिंदुराव दुपारी मशीनच्या खोलीत चाव्या द्यायला बसले. कुठली चावी कशाची, कुठला पासवर्ड कशाचा, सगळं त्यांनी एका कागदावर आधीच लिहून आणलं होतं, मोठ्या गोल अक्षरांत. त्यांनी प्रत्येक गोष्ट दोनदा समजावून सांगितली. शिकवताना ते नेहमीसारखेच होते, तेच वाईट होतं. उत्तरेश्वर मान हलवत होता.

"काका, मी–"

"लिहून घे आधी. मागनं आठवत न्हाई."

त्याने लिहून घेतलं. मग हिंदुरावांनी खिशातून आपलं पाकीट काढलं, उघडलं, कागद उलगडून त्याच्यापुढे धरला.

"चष्मा घरी राहिला. कारण काय लिहिलंय तेवढं वाच."

कागद इंग्रजीतला होता, पण कारणाची ओळ मॅडमनी अहवालातून जशीच्या तशी मराठीत उचलून मधोमध बसवली होती. उत्तरेश्वरने ती वाचली.

"नवी फाईल दोन्ही मशीनवर चढवणे आवश्यक असताना हिंदुराव यांनी ती एकाच मशीनवर चढवली व दुसऱ्यावर चढवण्यास विसरले."

"परत वाच."

त्याने परत वाचलं. या खेपेला आवाज जरा बारीक झाला. धाकटा घुमत होता, एसी गळत होता.

"इसरलो," हिंदुराव म्हणाले. "सोमवारी ध्यानात आलं असतं तर हे झालं नसतं. बरोबर हाय ते." त्यांनी कागद घेतला, घडी घातली, उठले. दारात थांबून म्हणाले, "दर शनिवारी जनरेटर दहा मिनिटं चालवायचा. न्हाई चालवला तर ऐन वेळेला बसतोय."

उत्तरेश्वरने तेही लिहून घेतलं, आणि लिहिताना मान वर केली नाही.